नॉर्मल माणसाची थुंकी

आमच्या लॅबमधली कॉफी इतकी कडक होती की तिच्यात चमचा सोडला तर तो उभाच राहायचा, आणि बाहेर काढायला गेलं तर आधी थोडा विचार करायचा. कॉफीच्या मशीनला आम्ही इंजिन म्हणायचो. इंजिनच्या बरोब्बर वर भिंतीवर घड्याळ होतं. त्याला खालून वाफ लागायची, तर ते दिवसाला सात मिनिटं पुढे पळायचं. शेजारच्या कुंडीतल्या रोपट्याने वर्षभराची पानं दीड महिन्यात उरकली आणि ते मोकळं झालं. खोटं वाटत असेल तर कुंडी अजून आहे.

इंजिनचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे माझा भाचा. लॅबमधली तपासणीची मशीनं तो चालवायचा. मी नमुने गोळा करून आणायचो आणि नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवायचो. त्याला सगळे भिंगरी म्हणत. उभा असला तर टाच हलायची, बसला तर गुडघा, आणि झोपलेला त्याला फारसा कोणी पाहिलेला नव्हता. सकाळी पाय जमिनीला लागायच्या आधी पहिला कप. अकरापर्यंत चार. दुपारी तीन वाजता असा कोसळायचा की टेबलावर कपाळ टेकून टेबलाशीच बोलायचा. त्यावर उतारा म्हणून पाचवा, मग सहावा. त्यापायी झोप नाही, झोप नाही म्हणून सकाळी मरगळ, मरगळ म्हणून पाय जमिनीला लागायच्या आधी पहिला कप. हे चाक असं गरगर फिरत होतं आणि त्यावर बसून आपण कुठेतरी पोचतोय अशी त्याची समजूत होती.

आता त्याची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण. हिच्या पोटी हा कसा आला, याचा उलगडा मला आजवर झालेला नाही. काचेच्या कारखान्यात ती क्रेन चालवायची. छपराला लागून केबिन, खाली लांबच लांब शेड, आणि हुकाला टांगलेल्या काचेच्या पेट्या या टोकाकडून त्या टोकाला न्यायच्या. कारखान्यात तिला सावकाश म्हणत. साहेबसुद्धा कागदावर काही का लिहोत, तोंडाने "सावकाशबाईंना बोलवा" असंच म्हणायचे. बावीस वर्षांत तिच्या हातून काचेला ओरखडा पडला नव्हता. एकदा पेटीवर एक पाखरू येऊन झोपलं होतं. तिने पेटी उचलली, दोनशे पावलं नेली, खाली ठेवली. पाखराला जाग आली ती जेवणाच्या सुट्टीच्या भोंग्याने.

तिची रीत साधी होती. दांडा एकदाच हलवायचा. मग हात काढून घ्यायचा आणि भार काय म्हणतो ते बघायचं. पेटी झुलायला लागली तर नवशिके घाबरून दांडा मागे ओढतात, मग पुढे ढकलतात, आणि प्रत्येक धक्क्याने झोका वाढत जातो. सावकाश नुसती थांबायची. तिची कॉफीही तशीच. रोज साडेदहाला खाली उतरून बाकावर एक कप, आणि तो संपायला वीस मिनिटं.

तर झालं असं की दुसऱ्या शेडमधल्या क्रेनवाल्याने एक पेटी पाडली. कोणा माणसाला लागलं नाही, पण काचेचे तुकडे आठवडाभर गोळा होत होते. मोठे साहेब नवीन होते. सगळ्याला आकडा पाहिजे असा त्यांचा स्वभाव. ते आमच्या लॅबच्या डॉक्टरीणबाईंकडे आले.

"माझ्या लोकांचा ताण मोजून द्या," ते म्हणाले. "तीनशे माणसं. दहा दिवस."

बाई म्हणाल्या, "ताण असा मोजता येत नाही. कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक मोजता येईल. थुंकीतून. ते सकाळी उठल्यावर चढतं, अर्ध्या तासाने सगळ्यात जास्त असतं, मग दिवसभर उतरत जातं. ताणाने वाढतं, कॉफीनेही थोडंफार वाढतं. पण एका आकड्यावरून माणूस कळत नाही, हे आधीच सांगते."

"आकडा द्या. माणसाचं मी बघतो," साहेब म्हणाले.

मशीन आलं. त्याच्याबरोबर जाडजूड पुस्तक आलं. त्यात पहिल्याच पानावर लिहिलं होतं की काम सुरू करण्यापूर्वी आपापल्या लॅबने नॉर्मल आकडा ठरवून घ्यावा, आणि त्यासाठी किमान वीस माणसांचे नमुने घ्यावेत. निरोगी, झोप झालेली आणि निवांत. बाईंनी हे काम भिंगरीवर सोपवलं. मुदत बुधवारची. सांगितलं सोमवारी.

सोमवारी सकाळी नऊला भिंगरी माझ्यापुढे नळी घेऊन उभा.

"मामा, थुंका."

"मी निवांत आहे का?"

"निरोगी आहात ना?"

"गुडघा सोडला तर."

"गुडघ्याने थुंकायचं नाहीये. चला, लवकर."

माझ्या दुसऱ्या हातात कॉफीचा कप होता. फोन वाजत होता. मशीन बसवायला आलेला माणूस मशीनवर ओरडत होता आणि बाई त्या माणसावर. अशा निवांतपणात मी थुंकलो. मग त्याने उरलेल्या सगळ्यांना गाठलं, शेवटी स्वतः नळीत थुंकला. आम्ही लॅबमध्ये बाई धरून सातजण. सोमवारी सात नळ्या, मंगळवारी सात, बुधवारी सात. एक त्याच्याच धक्क्याने फुटली. वीस राहिल्या.

"अरे, पण ही माणसं सात आहेत," मी म्हटलं. "पुस्तकात वीस लिहिलंय."

"मामा, सोमवारचे तुम्ही आणि बुधवारचे तुम्ही एकच माणूस आहात का?"

असा खोल प्रश्न आला की मी गप्प बसतो. तसा बसलो.

मग मी नळ्यांची पेटी घेऊन कारखान्यात गेलो. तीनशे माणसं रांगेत थुंकली. माझ्या बहिणीची पाळी आली तेव्हा तिने नळी उजेडात धरून पाहिली.

"दादा, यातून काय कळतं?"

"तुला किती ताण आहे ते."

"मला विचारलं असतं तरी सांगितलं असतं," ती म्हणाली, आणि झाकण लावून नळी परत दिली.

निकाल आले तेव्हा कारखान्यात खळबळ माजली. निम्म्याहून जास्त लोक 'कमी' निघाले. जे घरी वेळेवर जायचे, जे जेवताना जेवायचे, ते सगळे कमी. आणि तीनशे जणांत अगदी आदर्श आकडा निघाला स्टोअरकीपरचा. हा माणूस कुलूप लावून तीनदा ओढून बघायचा, घरी गेल्यावर पुन्हा येऊन ओढायचा. नखं खाऊन संपली तेव्हा पेन्सिली खायला लागला होता. तो आदर्श.

सगळ्यात खालचा आकडा माझ्या बहिणीचा. इतका खाली, की मशीनने दोनदा टूंटूं केलं. भिंगरीने तीनदा तपासलं, तीनदा तेच. रिपोर्टवर 'अतिशय कमी' असं छापून आलं आणि त्याने आईला घरी सांगायच्या आधीच कागद साहेबांच्या टेबलावर पोचला.

साहेबांनी तिला बोलावलं. तो संवाद तिने मला जसाच्या तसा सांगितला.

"सावकाशबाई, तुमच्यात ऊर्जाच नाही. उद्या वर काही झालं तर तुम्ही दचकणारसुद्धा नाही."

"दचकले तर काच पडेल, साहेब."

"थट्टा नको. पुढच्या शुक्रवारी पुन्हा तपासणी. तोवर क्रेनवर चढायचं नाही. आकडा जागेवर आला तर ठीक. नाहीतर तुम्ही पॅकिंगला, आणि क्रेन शिकतील स्टोअरकीपर."

स्टोअरकीपर दाराबाहेरच उभा होता. तो तिच्यामागे धावत आला.

"ताई, मला शिडीची तिसरी पायरी दिसली तरी पोटात गोळा येतो हो."

"रिपोर्टात नाही आला तो गोळा," ती म्हणाली.

संध्याकाळी ती माझ्या घरी आली. भिंगरीला बरोबर घेऊन. पाण्याचा पेला घोटाघोटाने संपवला. मग म्हणाली, "दादा, मला ताण घ्यायला शिकव."

मी हसलो. ती हसली नाही.

"खाली मला जमत नाही रे. खाली सगळे मला ढकलतात. रांगेत मागचा ढकलतो, रस्त्यात हॉर्न वाजवतात, दुकानदार म्हणतो लवकर बोला. वर गेले की मला कोणी ढकलत नाही. वर माझ्याशिवाय काही हलत नाही. ते गेलं तर मी पॅकिंगच्या टेबलापाशी उभी राहून काय करू?"

तिला एवढी वाक्यं सलग बोलताना मी जन्मात ऐकलं नव्हतं. मी आयुष्यात बरेच उपद्व्याप केले, पण त्या संध्याकाळी जो केला तो पहिल्या पाचात बसेल. मी म्हटलं, "शिकवतो. तुझा मुलगा आहेच मदतीला."

भिंगरीला तर आनंदाने बसवेना. आईला काहीतरी शिकवायची त्याची पहिलीच वेळ.

दुसऱ्या सकाळपासून शिकवणी सुरू. पाय जमिनीला लागायच्या आधी कप, तोही इंजिनचा, थर्मासमधून आणलेला. मग उभ्याने बातम्या वाचायच्या, त्यातल्या फक्त वाईट. शेगडी चालू ठेवून किल्ल्या शोधायच्या. घरातून मुद्दाम दहा मिनिटं उशिरा निघायचं आणि वाटेत तीनदा घड्याळ बघायचं. कामावर कप दुसरा, तिसरा, चौथा. साडेदहाचा बाक बंद.

पहिल्या दिवशी तिला नुसतं मळमळलं. दुसऱ्या दिवशी तिने लिफ्टचं बटण चारदा दाबलं. भिंगरीने टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या दिवशी धुतलेली भांडी पुन्हा धुतली. चौथ्या दिवशी दारावरची घंटा वाजायच्या आधीच दार उघडलं. बाहेर कोणी नव्हतं, तर न आलेल्या माणसाला उशिरा आला म्हणून झापलं. पाचव्या दिवशी दुपारी तीनला मायलेक दोघंही माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर कपाळ टेकून बसले होते. मी मधोमध उभा राहून कोणाला आधी कॉफी द्यावी याचा विचार करत होतो. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. मला तेव्हाच कळायला हवं होतं. कळलंही असेल. पण शुक्रवार दोन दिवसांवर होता.

शुक्रवारी ती नळीत थुंकली. आकडा आला. नॉर्मलच्या बरोब्बर मधोमध.

साहेब खूश. त्यांनी शनिवारी सकाळी सगळ्यात मोठी पेटी तिच्यासाठी राखून ठेवली. एक अख्खी काच, शेडच्या दारातून जेमतेम जाणारी, सहा महिने लागले होते ती ओतायला आणि घासायला.

शनिवारी सकाळी भिंगरी लॅबमध्ये आला तो गप्प. इंजिनमधून कप भरला, ढवळायला लागला आणि थांबला.

"मामा, आज आई मला ओरडली. चमचा इतका वाजवू नकोस म्हणाली."

"बरं मग?"

"लहानपणी मी तिच्या उशाशी ताटं वाजवायचो. तेव्हा नाही ओरडली."

त्याने कप खाली ठेवला. भरलेला कप त्याने खाली ठेवलेला मी पहिल्यांदाच पाहिला. आईचा रिपोर्ट उघडला. मग त्या वीस नळ्यांची वही काढली आणि बोट फिरवत गेला. बोट थांबलं ते त्याच्या स्वतःच्या मंगळवारच्या आकड्यावर. आईचा शुक्रवारचा आणि त्याचा मंगळवारचा, दशांशापर्यंत सारखा.

"मामा," तो म्हणाला, "या वीस निवांत माणसांत एकही निवांत माणूस नाहीये."

"मी तेव्हाच म्हणालो होतो."

"तुम्ही तेव्हा गप्प बसलात."

ते खरं होतं. गुडघा त्याचा थांबला होता. "माझी आई ठीक होती. मी तिला माझ्यासारखी करून वर पाठवलीय."

तिला फोन लावावा तर तो ती खाली कपाटात ठेवून चढायची. साहेबांना लावला, त्यांनी उचलला नाही. मग आम्ही निघालो, माझ्या स्कूटरवर. ती स्कूटर उतारावरही धाप टाकते. प्रत्येक लाल दिवा आमच्यासाठी खास थांबून राहिलेला. मागे भिंगरी, आणि त्याचे दोन्ही गुडघे असे हलत होते की स्कूटर निम्मी त्यांच्यावरच चालली असावी.

पोचलो तेव्हा पेटी हवेत होती.

शेडमध्ये सगळे भिंतीला चिकटून उभे. खाली हात दाखवून क्रेनला इशारे करणारा माणूस शिट्टी तोंडात धरून नुसता बघत होता, वाजवायचं विसरला होता. पेटी झुलत होती. मोठा झोका नव्हता, हातभराचा. वर केबिनच्या काचेतून मला बहिणीचा खांदा दिसत होता आणि तो हलत होता. दांडा पुढे. मागे. पुन्हा पुढे. बावीस वर्षांत मी तिला एका उचलीत दोनदा दांडा धरताना पाहिलं नव्हतं. प्रत्येक वेळी पेटी थोडी जास्त लांब जायची. हाताचे दोन हात झाले. दोनाचे चार. दाराच्या चौकटीपासून पेटीचा कोपरा वीतभरावर येऊन परत गेला.

भिंगरीने ओरडायला तोंड उघडलं. मी त्याच्या तोंडावर हात ठेवला. आजवर केलेल्या कामांतलं एवढं एकच मी अक्कलहुशारीने केलं असेन.

वर तिचा हात पुन्हा दांड्याकडे गेला. आणि अर्ध्यात थांबला.

मग तिने जे केलं ते खालच्या सगळ्यांनी पाहिलं, आणि आजही कोणी विचारलं तर शपथेवर सांगतील. तिने दोन्ही हात काढून घेतले, मांड्यांखाली घातले आणि त्यांच्यावर बसून राहिली. शाळेत खोड्या करणाऱ्या पोरांना बसवतात तशी. तिची सगळी पाठ थरथरत होती, जणू आत कोणीतरी इंजिन चालू ठेवलंय. पण हात सुटले नाहीत.

पेटी गेली. आली. चौकटीला चाटून गेली. आली. किती वेळ गेला कोण जाणे. माझी मिशी त्या वेळात बोटभर वाढली एवढं नक्की. चाराचे तीन हात झाले, तिनाचा एक. शेवटी पेटी अशी स्थिर झाली की तिच्यावर पाखरू झोपलं असतं.

सावकाशने एक हात बाहेर काढला, दांडा एकदा हलवला आणि पेटी होती तिथेच खाली ठेवली. मग शिडीची एकेक पायरी धरत उतरली. उतरायला तिला नेहमीच्या दुप्पट वेळ लागला.

साहेब पुढे आले. घामाने चिंब. "उतरली की पेटी. छान. मग आता दारापलीकडे—"

तिने उजवा हात त्यांच्यासमोर धरला. बोटं वाऱ्यावरच्या कागदासारखी फडफडत होती.

"हा हात तुमच्या कागदात नॉर्मल आहे, साहेब. मला माझा आधीचा पाहिजे."

भिंगरी मधे घुसला. एका श्वासात सगळं सांगून टाकलं. वीस नळ्या, सात माणसं, हातातले कप, ओरडणारा मशीनवाला. "आई कमी नव्हती, साहेब. आम्ही जास्त होतो. चूक माझी आहे. तिला शिक्षा नको."

साहेबांनी वळून आपल्या खोलीकडे पाहिलं. त्यांचा स्वतःचा रिपोर्ट 'उत्तम' आला होता. तो त्यांनी खोलीत चौकट करून लावला होता. ते बहुतेक त्याचाच विचार करत असावेत.

"मग क्रेनवर कोणी चढायचं हे कोण ठरवणार?" ते शेवटी म्हणाले.

"मी," सावकाश म्हणाली. "हात हलत असेल त्या दिवशी मी चढत नाही. आज हलतोय. मंगळवारी विचारा."

स्टोअरकीपर गर्दीतून म्हणाला, "साहेब, माझाही हलतोय. माझा कायमच हलतो." आणि एवढं मोठ्याने कबूल केल्यावर तो इतका हलका झाला की दुपारी कुलूप एकदाच ओढून घरी गेला.

ती सोमवारी आलीच नाही. झोपली होती. मंगळवारी चढली, काच दारापलीकडे नेली आणि साडेदहाला बाकावर येऊन बसली. तीनशे रिपोर्ट साहेबांनी परत पाठवले. बाईंनी ते सगळे रद्द केले आणि भिंगरीला असं काही सुनावलं की इंजिनसुद्धा गुरगुरायचं थांबलं. त्याची नोकरी वाचली ती एका अटीवर. वीस निवांत माणसं त्यानेच शोधायची. खरी. वेगवेगळी.

हे काम किती अवघड निघालं ते सांगितलं तर पटायचं नाही. अकरा आठवडे आम्ही शहर पालथं घातलं. निवांत दिसणारा एक माणूस धावत रस्ता ओलांडून गाठला, तर तो हरवलेलं पाकीट आठवत उभा होता. बागेतल्या बाकावरच्या एका बाईंनी थुंकायच्या आधी किती वेळ लागेल ते विचारलं, त्या बाद. तरी एकोणीस जमले. पहिली नळी अर्थात सावकाशची.

विसावी नळी भिंगरीच्या खिशात आहे. ती त्याला स्वतः भरायची आहे. म्हणून तो रोज साडेदहाला कारखान्यात जातो, आईशेजारी बाकावर बसतो, आणि कप निवेपर्यंत दोन्ही हात मांड्यांखाली ठेवतो. दिवसाचा कप आता तेवढा एकच. पहिले दोन आठवडे त्याचं डोकं इतकं दुखलं की शेजाऱ्यांनी गोळ्या घेतल्या. मीही अधूनमधून जाऊन बसतो. नुसता बघायला.

"आई, आज?" तो विचारतो.

ती त्याच्या गुडघ्याकडे बघते. गुडघा चालूच असतो.

"आज नाही."

"दाबून धरू का?"

"नको," ती म्हणते, आणि घोट घेते. "झटक्यात थांबवायला गेलास तर झोका वाढेल."